गटाच्या शेडमधला डिस्क सँडर: बसवायचा कसा, चालवायचा कसा

आज आपण लाकूड घासायच्या यंत्राविषयी बोलणार आहोत. त्याला दुकानात डिस्क सँडर म्हणतात. एक मोटर, मोटरच्या दांड्यावर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची गोल तबकडी, तबकडीवर चिकटवलेला पॉलिश पेपर, आणि समोर लाकूड टेकवायला छोटं टेबल. बस, इतकंच यंत्र आहे. पण नाशिक जिल्ह्यात ज्या गटांनी पोळपाट, चौरंग, देव्हारे, ट्रे, बांबूच्या वस्तू करायला घेतल्या आहेत, त्यांच्या कामात हे यंत्र फार मोठा फरक पाडतं.

आम्ही गटांकडे जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. करवत, रंधा, सँडर पुरुषांच्या हातात. रंग देणं, पुसणं, पिशवीत भरणं बायकांकडे. मजुरीही त्याच हिशेबानं, यंत्राजवळच्या माणसाला जास्त आणि पुसणारीला कमी. सुतार आला नाही की गटाचं काम त्या दिवशी बंद. २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. लाखो भाविक येतील, छोट्या लाकडी वस्तूंना गिऱ्हाईक असेल. तेव्हा माल वेळेवर आणि एकसारखा निघायला हवा असेल, तर हे यंत्र गटातल्या चार-पाच जणींना तरी नीट चालवता आलं पाहिजे. आणि ते शिकणं अवघड नाही. फक्त क्रम पाळावा लागतो.

सँडर कशासाठी, आणि कशासाठी नाही

आधी हे पक्कं करूया. सँडर लाकडाची कापलेली टोकं सपाट करतो, पट्टी काटकोनात आणतो, कोपरे गोल करतो, बाहेरचा गोलावा काढतो. पोळपाटाची गोल कड, चौरंगाच्या पायाचं टोक, ट्रेचे कोपरे, पाटीच्या कडा, ही त्याची कामं.

पोळपाटाचा वरचा सपाट भाग मात्र सँडरवर घासू नका. तबकडी गोल फिरते, त्यामुळे लाकडावर अर्धगोल ओरखडे उठतात, आणि पॉलिश लावलं की ते जास्तच उठून दिसतात. सपाट भाग हातानं, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासायचा. आतला गोलावा, म्हणजे वाटीसारखा भागही सपाट तबकडीवर होत नाही. आणि करवतीचं काम सँडरकडून करून घ्यायचं नाही. रेघेच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर लाकूड ठेवून करवतीनं कापा, तेवढंच सँडरवर घासा.

जागा कुठली निवडायची

सँडर स्वयंपाकघरात नको, पाळणा बांधलेल्या खोलीत नको, चुलीजवळ तर मुळीच नको. लाकडाची बारीक भुकटी हवेत दाट झाली की ठिणगीनं भडकू शकते. शेड असेल तर उत्तम. पडवी असेल तर वारा कुठून येतो ते बघा. वारा आपल्या पाठीमागून किंवा बाजूनं यावा आणि धूळ बाहेर जावी. समोरून वारा आला तर सगळी धूळ नाकातोंडात.

यंत्र भक्कम टेबलावर बोल्टनं आवळून बसवा. नुसतं ठेवलं तर ते थरथरत पुढे सरकतं. उंची बायकांच्या मापानं ठेवा. यंत्राचं टेबल आपल्या कोपराच्या थोडं खाली आलं पाहिजे. वाकून काम केलं तर कंबर जाते, आणि तोल गेला तर हात पुढे जातो. पायाखाली जमीन कोरडी आणि मोकळी हवी. उजेड असा हवा की आपल्या हाताची सावली कामावर पडणार नाही.

वीज

हे काम वायरमनकडूनच करून घ्या. पण काय करून घ्यायचं ते आपल्याला माहीत हवं. पहिलं, तीन पिनांचा सॉकेट आणि खरोखरची अर्थिंग. पिन तीन असल्या तरी अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नाही, असंही असतं. वायरमनला तपासून दाखवायला सांगा. दुसरं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वीज गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर तपासणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला पाहिजे. तिसरं, लांब आणि बारीक वायरवर यंत्र चालवू नका. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. बारीक वायरमध्ये दाब कमी होतो, मोटर घुंघुं आवाज करते, तापते आणि शेवटी जळते. गावात संध्याकाळी दाब उतरला असेल तर त्या वेळी यंत्र बंदच ठेवा.

चौथी गोष्ट लाईट जाण्याची. काम चालू असताना लाईट गेली की आपण यंत्राजवळून उठून जातो. बटण चालूच राहतं. कोणी तबकडीवरची धूळ हातानं झटकायला जातं आणि नेमकी लाईट येते. म्हणून असा स्विच घ्या की वीज गेल्यावर तो आपोआप बंद होतो आणि वीज आल्यावर हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. दुकानात त्याला नो व्होल्ट स्विच म्हणतात. तो नसेल तर नियम एकच: लाईट गेली की आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग चहा.

विजेचा खर्च म्हणाल तर एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणून एक हॉर्सपॉवरचा सँडर पूर्ण जोरात तासभर चालला तर साधारण एक युनिट धरा.

पेपर कसा लावायचा

पॉलिश पेपरच्या मागे नंबर असतो. नंबर लहान तितका पेपर खरखरीत. ६० नंबर लाकूड भराभर खातो, १२० मध्यम, २२० गुळगुळीत करतो. सँडरवर ८० आणि १२० हे दोन नंबर ठेवले तर गटाची बहुतेक कामं होतात. त्यापुढचं बारीक काम हातानं.

पेपर बदलताना आधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुना पेपर एका कडेनं धरून सावकाश ओढा. तबकडीवर डिंकाच्या गाठी राहिल्या असतील तर त्या खरवडून काढा आणि तबकडी कोरड्या फडक्यानं पुसा. एक गाठ जरी राहिली तरी पेपर तिथे फुगतो, आणि लाकूड दर फेरीला तिथे आपटतं. नवा पेपर मधोमध टेकवून मधून कडेकडे दाबत जा. हवेचा फुगा राहू देऊ नका. तबकडीच्या बाहेर पेपर आला असेल तर कापून टाका. मग हातानं तबकडी एकदा फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. पिन लावा, समोर न उभं राहता बाजूला उभं राहून यंत्र एक मिनिट रिकामं चालवा. आवाज एकसारखा आला तरच काम सुरू करा.

पावसाळ्यात इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागात पेपर ओल धरून वाकडे होतात, चिकटत नाहीत. नवे पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवा.

टेबल काटकोनात आणायचं

टेबल आणि तबकडी यांच्यात फट एक ते दीड मिलिमीटरच ठेवा. जास्त फट असेल तर छोटा तुकडा आत ओढला जातो, आणि त्याच्यामागे बोट जातं. टेबल तबकडीला चिकटलेलंही नको.

आता सुताराचा गुण्या घ्या. पिन काढलेली हवी. गुण्याची एक बाजू टेबलावर आणि दुसरी तबकडीला लावा. मध्ये उजेड दिसला तर टेबलाचा स्क्रू ढिला करून टेबल हलवा आणि परत आवळा. आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना ते सरकतं.

मग खरी परीक्षा. एका जाड पट्टीचे दोन तुकडे घ्या, दोघांचं एकेक टोक सँडरवर घासा. घासताना जी बाजू वर होती ती वरच ठेवून, सपाट फरशीवर दोन्ही टोकं समोरासमोर भिडवा. टोकं वर टेकली आणि खाली फट राहिली, किंवा उलट झालं, तर टेबल अजून काटकोनात नाही. इथे दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून टेबल निम्म्यानंच हलवा. चौरंग डगमगतो, देव्हाऱ्याचे सांधे उघडे राहतात, त्याचं कारण अनेकदा इथेच असतं.

तबकडीची कुठली बाजू वापरायची

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. तबकडी फिरताना तिची एक बाजू वरून खाली येते, दुसरी खालून वर जाते. बहुतेक यंत्रांत समोरून बघितलं तर डावी बाजू खाली येते, पण आपल्या यंत्रावरचा बाण बघून खात्री करा. काम फक्त खाली येणाऱ्या बाजूवर करायचं. तिथे लाकूड टेबलावर दाबलं जातं. वर जाणाऱ्या बाजूला लाकूड नेलं तर ते उचललं जातं आणि तोंडावर येऊ शकतं. खडूनं टेबलावर मधोमध रेघ मारा आणि पलीकडच्या बाजूवर फुली काढा. नवीन शिकणारीला ते डोळ्यांसमोर राहतं.

वेगाचाही विचार करा. आपल्याकडच्या अनेक मोटरी मिनिटाला १४४० फेरे घेतात. तबकडी २५ सेंटीमीटरची असेल तर तिची कड ताशी जवळजवळ ६८ किलोमीटर वेगानं धावते. २८८० फेऱ्यांची मोटर असेल तर त्याच्या दुप्पट. मधोमध मात्र वेग शून्य. म्हणून कडेला लाकूड भराभर घासतं आणि मध्याजवळ घासतच नाही. लाकूड एकाच जागी धरलं तर कडेकडचा भाग जास्त खाल्ला जातो. म्हणून ते खाली येणाऱ्या अर्ध्या भागात डावी-उजवीकडे हलकेच सरकवत राहायचं.

प्रत्यक्ष काम

यंत्र सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या. लाकूड टेबलावर सपाट टेकवा, दोन्ही हातांनी धरा, मग हळूच तबकडीला लावा. दाब भाकरी थापताना देतो त्याहूनही कमी. पेपरला काम करू द्यायचं, आपण जोर लावायचा नाही. बोटं तबकडीपासून किमान चार बोटं दूर. तुकडा त्याहून लहान असेल तर हातात धरायचाच नाही. मोठ्या पट्टीला दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं तो पक्का चिकटवा आणि पट्टी धरून घासा.

लाकूड काळं पडलं, जळका वास आला, तर चारपैकी एक कारण असतं: दाब जास्त, लाकूड एका जागी थांबलं, पेपर फार बारीक, किंवा पेपर भुकटीनं बुजला. बुजलेला पेपर साफ करायला क्रेप रबराचा ठोकळा मिळतो. चालत्या तबकडीवर, खाली येणाऱ्या बाजूलाच तो हलका टेकवा, भुकटी रबराला चिकटून निघते. फाटलेला पेपर मात्र लगेच बदला.

काम झालं की बटण बंद करा आणि तबकडी आपोआप थांबेपर्यंत तिथेच थांबा. मोटर बंद झाली तरी ती बराच वेळ फिरत असते. या यंत्रावर विळा, कोयता, खिळा घासायचा नाही. लोखंडाच्या ठिणग्या आणि पिशवीतला भुसा, दोघांची गाठ पडली की आग.

पदर, बांगड्या, मंगळसूत्र

इथे थोडं स्पष्ट बोलावं लागेल. फिरणाऱ्या यंत्राजवळ लोंबणारं काहीही नको. पदर नको, ओढणी नको, मोकळी वेणी नको. केस बांधून वर रुमाल, अंगात घट्ट बाह्यांचा शर्ट किंवा ॲप्रन. साडी असेल तर पदर कमरेला पक्का खोचून वरून ॲप्रन बांधा. हातमोजेही नकोत. बायकांना वाटतं मोज्यानं हात वाचेल, पण मोजा अडकला तर हात सोबत ओढला जातो.

मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत आणि वरून ॲप्रन. बांगड्या काढून ठेवायच्या. सौभाग्याचं लेणं उतरवायला मन होत नाही, हे आम्हाला माहीत आहे, आणि घरून कोणी काही बोलेल ही धास्तीही असते. म्हणून हा नियम एकटीवर सोडू नका, गटाच्या बैठकीत ठरवा आणि शेडमध्ये लिहून लावा. सासूबाईंना एकदा शेडमध्ये बोलवा, तबकडी फिरताना दाखवा. जिला बांगड्या काढायच्याच नाहीत तिनं हातानं घासायचं, सांधे जोडायचं काम घ्यावं. तेही तितकंच मोलाचं काम आहे आणि त्याची मजुरीही तशीच ठरवावी.

धूळ दिसते तेवढीच नसते

लाकडाची जी भुकटी खाली पडते ती त्रासाची कमी. जी दिसत नाही, हवेत तासन्‌तास तरंगते, ती छातीत जाते. खोकला, दमा, अंगाला खाज येते, आणि सागाच्या धुळीनं काही जणींना पुरळ उठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना नाकाच्या आतला कर्करोग होऊ शकतो. प्लायवूड आणि एमडीएफच्या धुळीत गोंदाचाही अंश असतो.

पदर नाकाला बांधून ही धूळ अडत नाही. एन ९५ किंवा एफएफपी २ असं लिहिलेला मास्क घ्या आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. डोळ्यांना चष्मा हवाच. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात बोळे घाला. सँडरच्या खालच्या तोंडाला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडता आला तर सगळ्यात चांगलं. झाडताना कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कपडे फुंकून, झटकून साफ करू नका. घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायच्या आधी कपडे बदला. पिशवीतला भुसा रोज रिकामा करा. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या तर बोळा करून ठेवूच नका, त्या आपोआप तापून पेटतात. बाहेर पसरून वाळवा.

लाकूड कुठलं घेताय

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत यंत्रं आणि माल लाकडी पॅलेटवर येतो. ते लाकूड नंतर भंगारात स्वस्त मिळतं आणि गट ते घेतात. घ्या, पण दोन गोष्टी बघा. खिळे सगळे काढा, एक खिळा राहिला तर पेपर फाटतो आणि ठिणगी उडते. दुसरं, परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात इंग्रजीत एचटी असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं. एमबीचं लाकूड घेऊ नका. तेल सांडलेलं, रंगाचे डाग असलेलंही नको. आणि पोळपाट, लाटणं, काथवट यांना पॅलेटचं लाकूड वापरूच नका. जे अन्नाला लागतं त्याला आपल्या ओळखीचं, स्वच्छ लाकूड.

लहान मुलांची खेळणी करणार असाल तर आणखी एक. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना स्वतः केलेल्या मालासाठी त्यातून सूट आहे. आधी नोंदणी करा, मग ऑर्डर घ्या. आणि सूट असली तरी कड बोटानं तपासायचीच. मूल ते तोंडात घालणार आहे.

शिकायचं कुठे, पैसे कुठून

नाशिकला सातपूरला शासकीय आयटीआय आहे, तिथल्या सुतारकामाच्या निदेशकांना गटानं भेटून यंत्र बघून घ्यावं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे खेड्यातली मुलंमुली हातानं काम करत तंत्र शिकतात. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात सुतार, टोपल्या-चटया करणारे, खेळणी करणारे असे १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, नंतर २ लाख कर्ज. एका घरातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. तेव्हा घरात अर्ज कोणाच्या नावानं भरायचा, हे आधी बोलून घ्या. काम करणारी तुम्ही असाल तर नाव तुमचंच असू द्या.

शेवटी वहीचं सांगतो. यंत्राशेजारी एक वही टांगा. पेपर कधी लावला, त्यावर किती नग झाले, किती तास यंत्र चाललं, कोणी चालवलं. समजा एका पेपरवर ४० पोळपाटांच्या कडा झाल्या, तर पेपरच्या किमतीला ४० नं भागलं की एका नगाचा खर्च समजतो. त्यात वीज आणि मजुरी मिळवली की भाव सांगताना आवाज कापत नाही. आणि कोण किती तास यंत्रावर बसली हे लिहिलेलं असलं, की मजुरी वाटताना वादही होत नाही.

या आठवड्यात गटाच्या बैठकीत एवढंच करा: पिन काढून ठेवलेल्या सँडरजवळ सगळ्याजणी बसा, तबकडी हातानं फिरवा, बाण शोधा, खडूची रेघ मारा. पुढचं शिकणं तिथून सुरू होतं.